दोन एकर मराठी

ज्या कुळाची ही कथा आहे, त्या कुळाला आडनावे पुष्कळ लाभली, पण मानमरातब बेताचाच लाभला. फडणीस, चिटणीस, पोतनीस, वाकनीस या आडनावांच्या शेवटी जो 'नीस' उभा आहे तो फारसीतील 'नवीस', म्हणजे लिहिणारा. आणि एलिचपूर ही इमादशाहीची राजधानी होती तेव्हापासून, मोगली सुभ्याच्या आणि मागाहून निजामाच्या अमलातून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली होईपर्यंत, या प्रांताचा कारभार अशाच नविसांच्या बोरूवर चालला. त्या घराण्यातला शेवटचा वंशज, म्हणजे अर्जनवीस, माझ्या लहानपणी तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाच्या सावलीत टेबल टाकून बसलेला दिसत असे. समोर खेडूत उकिडवा बसून आपले गाऱ्हाणे सांगे, 'मायं वावर त्यानं नांगरलं'. आणि अर्जनवीस मान वर न करता लिही की, 'अर्जदाराच्या कब्जेवहिवाटीतील शेतात गैरअर्जदाराने बेकायदेशीर प्रवेश करून नांगरट केली.' खेडूत त्याखाली अंगठा उठवी. अंगठा त्याचाच असे. वाक्य मात्र त्याचे राहिलेले नसे, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसे, कारण साहेबापुढे न्यावयाचे ते असेच असते अशी त्याची समजूत होती.

दुसऱ्याच्या तोंडचे ऐकावे आणि कागदावर उतरावे, हा या कुळाचा कुळाचार होय. न्यायालयात त्याला जबानी म्हणतात, दरबारात कैफियत म्हणत, आणि मासिकांतून मुलाखतीच्या तळाशी बारीक टायपात ज्याचे नाव छापतात त्याच्या कामाला हल्ली शब्दांकन म्हणतात. ध्वनिफीत कानाला लावून संगणकावर मजकूर टंकित करणारा, आणि अलीकडे तर स्वतः काहीच टंकित न करता यंत्राने उमटविलेला मजकूर नुसता तपासणारा माणूस याच कुळातला आहे.

या कुळाचा मूळपुरुष शोधीत गेले तर वऱ्हाडकराला फार लांब जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे सुमारे १२७८ साली, सराळ्याच्या म्हाइंभटाने आपल्या सद्गुरूंच्या, म्हणजे श्रीचक्रधरांच्या, आठवणी एकत्र केल्या, आणि मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचा लौकिक आहे ते लीळाचरित्र सिद्ध झाले. चक्रधर उत्तरापंथे निघून गेलेले, त्यांनी स्वहस्ते काही लिहून ठेवलेले नाही, आणि त्यांचे बोलणे ज्यांनी ऐकले ते शिष्य गावोगाव विखुरलेले, अशा स्थितीत म्हाइंभटाने एकेकाला गाठून विचारावे, ऐकलेले महानुभाव पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पडताळून घ्यावे, आणि मगच लिहावे, असा क्रम पंथाची परंपरा सांगते. एवढे कष्ट तर कोणत्याही निष्ठावंत चरित्रकाराने घेतले असते. मला ज्या गोष्टीचे आश्चर्य वाटते ती वेगळी आहे. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी करावी लागली. साहजिकच एकाच्या स्मरणात शब्द एक, दुसऱ्याच्या स्मरणात दुसरा. अशा वेळी संपादकाने एक पाठ राखावा आणि बाकीचे केराच्या टोपलीत टाकावे, हा जगाचा रिवाज. महानुभावांनी तसे केले नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, हा भेद त्यांनी ग्रंथातच नोंदवून ठेवला, आणि त्या पाठभेदाला नाव दिले 'वासना'. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादून प्रसिद्ध केलेली प्रत चाळताना या वासना जागोजाग भेटतात, आणि सातशे वर्षांपूर्वी एखाद्या अंगणात बसून दोन वृद्ध शिष्य 'छे, स्वामी असे म्हणाले नाहीत' म्हणून एकमेकांशी हुज्जत घालीत आहेत, असा भास होतो.

(याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या परक्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी वापरली. ती उलगडावयास इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा खटपटी माणूस विसाव्या शतकाच्या आरंभी भेटावा लागला. या लिपीची आठवण पुढे संगणकाच्या संदर्भात पुन्हा काढावी लागणार आहे.)

म्हाइंभटानंतर सहा शतकांनी याच जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी हा व्यवहार उलट बाजूने केला. १८८१ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी वर्षाच्या आतच गेली. शास्त्रे त्यांनी दुसऱ्याकडून वाचवून घेऊन कानांनी आत्मसात केली, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ मुखाने सांगून शिष्यांकडून लिहविले. त्यांच्या लेखनिकांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. महाराजांच्या तोंडून वेदान्त, संगीत, आयुर्वेद आणि पाश्चात्त्य शास्त्रांचे खंडनमंडन धारेसारखे चालले आहे, शाई वाळण्यास सवड नाही, सांगणाऱ्याला कागद दिसत नाही आणि म्हणून लिहिणारा मागे पडला हे कळण्याचा मार्गही नाही! मोडीसारखी हात न उचलता पळणारी लिपी आपल्या पूर्वजांनी का जवळ केली, याचे उत्तर अशा बैठकीची कल्पना केली म्हणजे आपोआप मिळते. बोलणे हे घोड्यावरून जाते आणि लिहिणे पायी चालते. पिटमनने १८३७ साली इंग्रजीसाठी लघुलिपी काढली ती याच अंतरापायी.

वऱ्हाडी बोली सरकारी रीतीने कागदावर आली ती मात्र ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत. तिच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात मराठीच्या पोटभाषांचे नमुने आहेत, त्यांत वऱ्हाडीही आहे. उधळ्या पुत्राची बायबलातील कथा प्रत्येक बोलीत सांगवून घ्यावयाची आणि जिल्ह्याच्या अंमलदारांमार्फत लिहून मागवावयाची, अशी ती योजना. कचेरीतल्या ज्या कारकुनाने आयुष्यभर खेडुताची वऱ्हाडी पुसून अर्ज लिहिले, त्याच्याच जातकुळीच्या माणसाला आता सरकार सांगत होते की जसे बोलतात तसेच लिहून पाठवा! त्याची किती तारांबळ उडाली असेल. लेखणीवर सर्वस्वी विसंबणे बरे नव्हे हे ग्रिअर्सनलाही उमगले असावे, कारण पुढल्या काळात त्याच पाहणीसाठी निरनिराळ्या बोलींच्या ग्रामोफोनच्या तबकड्या तयार करविण्यात आल्या.

तबकडी आणि फीत आल्याने या कुळाच्या इतिहासात जो पालट झाला, तो गाडगेबाबांच्या बाबतीत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. शेणगावच्या या निरक्षर परिटाने उभ्या महाराष्ट्रात कीर्तने केली, आणि ती जवळजवळ सगळी वाऱ्यावर गेली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले, परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी त्यांच्यासोबत हिंडून त्यांच्यावर लिहिले. पण दोघेही शेवटी लेखणीचेच धनी. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे बाबांचे कीर्तन झाले ते ध्वनिमुद्रित झाले, आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक त्यांचा देह पडला. एवढ्या थोडक्यात तो आवाज आपल्या हाती लागला. हे कीर्तन ऐकणाऱ्याने एकदा ते लिहून काढण्याचा प्रयत्न करून पाहावा. बाबा प्रश्न विचारतात, समुदाय एका घोषाने उत्तर देतो, बाबा तेच उत्तर उचलून त्याचाच पुन्हा प्रश्न करतात. ही देवघेव हेच त्या कीर्तनाचे शरीर आहे, आणि शब्दांकनात बाबांचे वाक्य ठेवून समुदायाचा हुंकार गाळला म्हणजे उरते ते एका म्हाताऱ्याचे भाषण. पण हुंकार लिहावयाचा तरी कसा? कंसात 'श्रोते : होऽ' असे प्रत्येक ओळीला लिहीत बसलो तर ते मुंबईच्या विधिमंडळाचे कामकाज वाटू लागते.

टंकलेखनाच्या युगात या कामाचा एक ठरीव हिशेब होता. शासनाच्या मराठी टंकलेखन परीक्षेत वेगाच्या दोन पायऱ्या, मिनिटाला ३० शब्द आणि ४० शब्द. आणि साधा माणूस ओट्यावर बसून गप्पा मारू लागला तर मिनिटाला शंभराच्या पलीकडे सहज जातो. तेव्हा एका तासाच्या फितीस चार तास, हे प्रमाण कोणी संशोधन करून काढलेले नाही, ते या आकड्यांच्या भागाकारातून आणि फीत मागेपुढे करण्यात जाणाऱ्या वेळातून निघते. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास ज्यांनी संध्याकाळच्या वर्गात गोदरेजच्या किंवा रेमिंग्टनच्या यंत्रावर बोटे मोडून घेतली, त्यांना हा हिशेब बोटांतच मुरलेला होता. डाव्या हाताने कॅसेटची कळ दाबावी, तीन शब्द ऐकावे, कळ सोडावी, तीन शब्द टंकावे, पुन्हा मागे न्यावे. ज्यांच्यापाशी पायाने चालवावयाचा खटका असे, ते या धंद्यातले सरदार.

संगणक आला तो याच मंडळींच्या टेबलावर येऊन बसला. १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक ठरला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि नव्वदीच्या दशकात श्रीलिपी, लीप वगैरे नावे छापखान्यांच्या तोंडी रुळली. मजकूर आता खोडता येत होता, मधे शब्द घुसडता येत होता, परिच्छेद उचलून वर नेता येत होता. टंकयंत्रावर एका चुकीपायी अख्खा कागद फेकणाऱ्या माणसाला याहून मोठे स्वातंत्र्य ते कोणते? आमच्याकडे त्या स्वातंत्र्याला भारनियमनाची वेळ लावून दिलेली असे, हा भाग निराळा. दुपारी वीज गेली की जतन न केलेला मजकूर गेला. एकदा माझी सतरा पाने अशी गेली, आणि मी हिराइसेचे स्मरण करीत अंधारात बसून आठवतील तेवढी वाक्ये वहीत उतरविली. दुसऱ्या दिवशी फितीशी ताडून पाहिले तेव्हा समजले की मला जे 'जसेच्या तसे' आठवले होते त्यातले निम्मे माझे होते.

आणि सकळ लिपी. त्या दिवसांतील प्रत्येक फाँटाची संकेतपद्धती आपापली होती. अमुक फाँटात टंकिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसे. गुप्ततेचा हेतू कोणाचाच नव्हता, तरी किती मुलाखती, किती ओव्या, किती लोककथा अशा अनवधानाने सांकेतिक होऊन जुन्या तबकड्यांत पडल्या आहेत याची गणती नाही. युनिकोडने ही भांडणे बव्हंशी मिटविली. बव्हंशीच म्हणतो, कारण खुद्द 'वऱ्हाड' हा शब्द अजून वाद उकरून काढतो. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो: टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे एक सांधचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी ते भिन्न आहेत, आणि एक शोधले तर पुष्कळदा दुसरे सापडत नाही. एकाच प्रांताचे दोन प्रांत झाले. इंग्रजांनाही हे जमले नव्हते, त्यांनी १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून उलट एकाच कारभारात घातला होता.

आता यंत्राच्या कानाविषयी. मनुष्याचे बोलणे ऐकून यंत्राने ओळखावे, हा खटाटोप जुना आहे. १९५२ साली बेल प्रयोगशाळेत ऑड्री नावाचे यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखू लागले, तेही ओळखीच्या आवाजात आणि शब्दाशब्दांत थांबून बोलले तर. १९९७ च्या सुमारास इंग्रजीत अखंड बोलून मजकूर उमटविणारे ड्रॅगनसारखे कार्यक्रम विक्रीस आले. मराठीला मात्र वाट पाहावी लागली. २०१७ साली गुगलने आवाजी टंकलेखनात ज्या भारतीय भाषा नव्याने घेतल्या त्यांत मराठी होती. २०२२ साली केंद्र सरकारची भाषिणी ही योजना सुरू झाली. आणि त्याच वर्षी आलेल्या व्हिस्पर नावाच्या प्रणालीस तर ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण ऐकवून शिकविले होते, त्यातले बहुतांश इंग्रजी.

असले यंत्र ऐकते म्हणजे ढोबळमानाने काय करते, ते समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट कळावयाची नाही. ते आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकडा कोणत्या वर्णाचा असण्याचा संभव किती याचा अदमास घेते, आणि मग त्या वर्णांतून कोणता शब्द, त्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे आजवर ऐकलेल्या आणि वाचलेल्या भाषेवरून ठरविते. येथेच मेख आहे. त्याला जी मराठी भरपूर ऐकवली आणि वाचवली गेली, ती वृत्तपत्रांची, बातम्यांची, नागर मराठी. म्हणून अस्पष्ट ऐकू आले की ते अर्जनविसासारखे वागते. जे साहेबापुढे शोभेल ते लिहिते. फरक इतकाच की अर्जनविसाला मूळ काय होते ते ठाऊक असे.

माझ्याकडे आमच्या चुलत आजोबांची एक कॅसेट आहे. मूर्तिजापूरकडचे आमचे गाव, सन बहुधा १९९४, आणि माझ्या हाती मोठ्या हौसेने घेतलेला टेपरेकॉर्डर. परवा ती फीत संगणकात उतरवून घेतली आणि एका अशा यंत्राच्या स्वाधीन केली. आजोबांचा आवाज असा: 'लेका, इहिरीले पाणी लागलं ना, त्या साली आपली दोन एक्कर पराटी व्हती.' दोन-चार निमिषांत पडद्यावर शुद्ध, रेखीव वाक्य उमटले: 'त्या साली आपली दोन एकर मराठी होती.'

मी हसलो, नाही असे नाही. पराटी म्हणजे पऱ्हाटी, कपाशीचे झाड. कापसाच्या मुलखात जन्मून ज्याला हा शब्द अडतो त्याला वऱ्हाडात कोणी मुलगी देणार नाही. पण यंत्राचा दोष तरी काय? 'मराठी' हा शब्द त्याने लाखो वेळा पाहिला असेल, 'पराटी' क्वचितच. 'आभाय आलं' याचे त्याने 'आभार आलं' केले, 'जवय' याचे 'जेव्हा' केले, कारण वऱ्हाडी जिभेवर ळ चा य होतो ही वार्ता त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती. 'मले' याचे तर त्याने न विचारता 'मला' करून टाकले, आणि ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते. कारण 'दोन एकर मराठी' वाचून कोणीही थबकेल, 'मला' वाचून कोण थबकणार? या कुळातल्या आजवरच्या सर्व नविसांनी बोली अशीच, डोळ्यांत न भरेल अशा रीतीने, एकेका प्रत्ययाने पुसली आहे, आणि मीही विद्यार्थिदशेत लोकगीते लिहून घेताना हेच केले, सुधारणा म्हणून, अभिमानाने.

मजकूर दुरुस्त करावयास बसलो. वेळेचे म्हणाल तर चार तासांचे काम दीडावर आले, हे कबूल केले पाहिजे. हात कमी दुखले, कान अधिक दुखले. कारण यंत्राने जे बरोबर दिसेल असे लिहिले आहे ते खरोखरच बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक ओळ ऐकणे भागच होते. सर्व नीट लागले. एक शब्द तेवढा अडला.

आजोबा म्हणतात, 'मंग पुढल्या साली पराटी वायली...' आणि त्यांना खोकला येतो, फीत खरखरते, बाजूला कोणीतरी पितळेचा तांब्या खाली ठेवते, आणि आजोबा दुसऱ्याच गोष्टीवर जातात. यंत्राने तेथे 'वाहिली' लिहिले होते, ते सोडून देऊ. मी अकोल्यास आत्याकडे जाऊन तिला ती फीत ऐकविली. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, 'वायली म्हंजे वायली. सुकली. बहात्तरचा दुकाय व्हता बाप्पा थो, पाणी कुठं व्हतं?' तिथून गावी गेलो, तेथे थोरले काका आहेत. त्यांनी तेच ऐकून मान हलविली. त्यांचे म्हणणे, वायली म्हणजे वेगळी. त्या साली भाऊ वेगळे निघाले, वावराच्या वाटण्या झाल्या, आणि ते दोन एकर धाकट्याकडे गेले. काकांनी दुसऱ्यांदा ऐकण्याचे नाकारले. आत्याला मी हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'त्याले तं वाटणीच आयकू येईन,' आणि बराच वेळ बोलली नाही.

दुष्काळाने जळलेले पीक आणि भावाभावांत फुटलेले घर, यांतले आजोबांना कोणते सांगावयाचे होते हे ठरविण्याचा अधिकार यंत्राला नव्हता, आणि मलाही नव्हता. मजकुरात मी 'वायली' हा शब्द जसा ऐकू येतो तसा ठेवला आहे. त्याखाली दोन ओळी आहेत: आत्याची वासना, सुकली, काकांची वासना, वेगळी झाली. संगणकाने 'वायली' या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढली आहे, ती तशीच आहे.